चवळीखाऊची गार पेटी

त्या उन्हाळ्यात आमच्या सेगू गावात माणसं बर्फासाठी एकमेकांची डोकी फोडत होती. बोलायची रीत म्हणून नाही सांगत, खरोखर फोडत होती. करंट सकाळी जायचा आणि परत कधी येईल याचा काही नेम नसायचा. नदीकाठच्या बर्फाच्या कारखान्यापाशी एका मासळीवाल्याने दुसऱ्याच्या मांडीत लादी ओढायचा आकडा खुपसला, आणि बाकीचे त्या पडलेल्या माणसाला ओलांडून बर्फावर तुटून पडले. त्याच झोंबाझोंबीत फामोरी केइता या म्हाताऱ्या खाटकाचा उजवा हात फाटकात सापडून पिचला. बर्फ मिळाला नाही तो नाहीच.

अशा दिवसांत सितान कुलिबाली आपल्या डीप फ्रीझरच्या झाकणावर मांडीवर मुसळ घेऊन बसायची. नवरा मागे हीच एक लांबलचक पेटी ठेवून गेला होता आणि तिच्यावरच तिचं पोट चालायचं. लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, गोरखचिंचेच्या गराचं दाट पांढरं सरबत आणि आल्याचं झणझणीत पाणी ती छोट्या पिशव्यांत भरून, गाठ मारून, दगडासारखं गोठवून विकायची. पोरं पिशवीचा कोपरा दातांनी तोडायची आणि शाळेपर्यंत चोखत जायची. या मालाला तिथे क्रेम म्हणतात, आणि सितानचं क्रेम म्हटलं की मोहल्ल्यात कुणी दुसरीकडे बघत नसे.

कारण बाई कडक होती. पेटीच्या तळाशी मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, बाजूंनी भाताच्या तुसाची पोती, वर दोन घोंगड्या. करंट गेला की झाकण उघडायचं नाही. एकदा एका ट्रकवाल्याने दांडगाईने उघडलं, तर तिने तेच झाकण त्याच्या बोटांवर आपटलं. नखं काळी पडून गळून गेली त्याची, पण पुढे पेटीला कुणी हात लावला नाही. आणि करंट आला की ती आधी माल तपासायची. अंबाडीची पिशवी उजेडात धरायची. सरबत वितळून पुन्हा गोठलं की लाल रंग खाली बसतो आणि वरचं टोक पांढरं पडतं. गाठ चिकट लागते. ताज्या पिशवीवर बर्फाची पिठासारखी कोरडी भुकटी असते, शिळीवरून अंगठा काचेवरून घसरल्यासारखा घसरतो. अशी एक जरी सापडली तरी ती सगळा थर गटारात फोडायची, आणि फोडताना करंटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "पोराच्या तोंडात शिळं घालणारीला मी बाई म्हणत नाही," असं म्हणायची, आणि खरंच म्हणत नसे.

समोरच फामोरीचं मांसाचं दुकान. केइता आणि कुलिबाली हे एकमेकांचे सनांकू, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. केइताने कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, कुलिबालीने केइताला गुलाम म्हणायचं, भर बाजारात एकमेकांची अब्रू काढायची आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. चवळी खाल्ली की पोटात वारा धरतो, बाकीचं ज्याने त्याने समजून घ्यावं. सनांकूचं रक्त कुणी सांडत असेल तर मात्र धावून जाऊन आडवं पडायचं, आणि मारणाऱ्याने तिथे हात खाली घ्यायचा, असा रिवाज.

"काय गं चवळीखाऊ, आज पिशव्या फारच फुगल्यात!" फामोरी सुऱ्याला धार लावत ओरडायचा. "तोंडाने फुंकल्यास की दुसरीकडून?"

"तुझ्या आजाला बसवला होता फुंकायला. गुलामाची जात, फुकट काम करते!"

गिऱ्हाईकं पोट धरून हसायची. मोहल्ल्याचा दिवस असा सुरू व्हायचा आणि त्याशिवाय तो सुरू झाल्यासारखा वाटायचाही नाही.

मग सितानच्या बहिणीच्या सासरी कुणी वारलं. दोन दिवस जाणं भाग होतं. पेटी तिने धाकट्या दिराच्या, बुरामाच्या ताब्यात दिली. हा बुरामा म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. पेटीवर आपला हक्क आहे असं तो येताजाता बोलून दाखवायचा.

"वहिनी, जा तू निवांत. पेटी काय, मी डोळ्यांत तेल घालून बघतो."

"तेल डोळ्यांत घाल की कानांत घाल, झाकण उघडायचं नाही. आणि पेटीत माशाचा काटा की मांसाचा तुकडा दिसला, तर तुझाच तुकडा करीन."

पुढचं सितानला ठाऊक नव्हतं, पण आपण सांगून टाकू, उगाच कशाला लपवाछपवी. फामोरीने एका लग्नासाठी बैल कापला होता आणि लग्न ऐनवेळी पुढे गेलं. बर्फ नाही, हात पिचलेला, आणि मांस डोळ्यांदेखत काळवंडतंय. बुरामाने ते हेरलं. चार पैसे घेऊन त्याने दोन पोती मांस वहिनीच्या क्रेमवर रचलं. दुपारी करंट गेला. बुरामा आपल्या मित्रांच्या बियरच्या बाटल्या गार करायला झाकण उघडत राहिला, बंद करत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फामोरी मांस न्यायला आला तेव्हा पेटीतून जो भपका आला त्याने दोघांनीही तोंडं फिरवली. पोती गळत होती. पिशव्या लाल पाण्यात तरंगत होत्या, आणि ते पाणी अंबाडीचं नव्हतं.

"पिशव्या फेकून दे," फामोरी म्हणाला. "आत्ता, माझ्या समोर."

"फेकतो ना, काका. पण वहिनीला कळू देऊ नका. तिने ऐकलं ना, तर मुसळाखाली आधी मी आणि मग तुम्ही."

फामोरीला खरं तर लाज वाटत होती. ज्या बाईने आयुष्यभर पेटी सोवळ्यासारखी जपली, तिच्या पेटीत त्याने चोरून रक्त नेलं होतं. तो सडलेलं मांस नदीत टाकायला गेला. आणि बुरामाने काय केलं? पिशव्या धुतल्या. गाठींवरचा चिकटा ओल्या फडक्याने पुसला. करंट आल्यावर रात्रभर दर थोड्या वेळाने पिशव्या चोळत राहिला, म्हणजे रंग खाली बसायला नको. आळशी माणूस एकदाच मेहनत करतो आणि तीही अशी.

सितान सोमवारी सकाळी परतली. बाजाराचा दिवस, रस्त्यावर मुंगीला जागा नाही. तिने आधी पेटी उघडली, अंबाडीची पिशवी उजेडात धरली. रंग वरपासून खालपर्यंत सारखा. गाठ कोरडी. पेटी तेवढी साबणाने घासल्यासारखी वाटली.

"काय रे, पेटी धुतलीस?"

"म्हटलं वहिनी दमून येईल, थोडी मदत."

तिचं मन पाघळलं. मेल्याला अक्कल आली म्हणायची, असं वाटून तिने दुकान मांडलं. ऊन असं होतं की पोरांची रांग चौकापर्यंत गेली. विटा पाडणाऱ्या झुमानाची सात वर्षांची वास्सा पुढेच उभी होती. झुमाना पलीकडे विटांची गाडी रिकामी करत होता.

तेवढ्यात त्याच पिशव्या विकल्या जाताना बघून समोरून फामोरी धावत आला. पिचलेला हात गळ्यात बांधलेला, टोपी नाही, पायात एकच चप्पल.

"थांबा! कुणी खाऊ नका! पेटीतलं सगळं कुजलंय!"

"आला रे आला केइता!" कुणीतरी टाळी वाजवली.

"कुजलंय ते तुझं तोंड," सितान म्हणाली. "दोन दिवस मालकीण नव्हती तर गुलाम आंघोळ विसरला!"

हशा पिकला. फामोरी रांगेत घुसला. "सितान, थट्टा नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ. पोरं मरतील!"

त्याने तिला नावाने हाक मारली होती. तीस वर्षांत कधी मारली नव्हती. सितानला ते जाणवलं, नाही असं नाही. पण म्हाताऱ्याने काहीतरी नवा डाव काढलाय असं तिला वाटलं, आणि डावाला डाव हवाच.

"चवळीने खाणारा मरत नाही रे, शेजारी मरतो! जगलास की इतकी वर्षं!"

आता तर बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. फामोरीचा चेहरा घामाने निथळत होता. तो जितका चिडे तितके लोक हसत. असा रंगलेला केइता कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, असं म्हणत बाजारातली माणसंही गोळा झाली.

"बरं, तुला कसं कळलं कुजलंय ते?" सितानने कमरेवर हात ठेवून विचारलं.

त्याने तोंड उघडलं. बुरामाकडे बघितलं. पेटीकडे बघितलं. तिथे एक शब्द बोलायला हवा होता त्याने, एकच. पण शरम मोठी वाईट. "कळलं," एवढंच तो म्हणाला.

मग त्याने वास्साच्या हातातली लाल पिशवी हिसकावली, जमिनीवर आपटली आणि टाचेखाली चिरडली. पोरीने भोकाड पसरलं. सितानने पळी घेऊन त्याच्या पाठीत दोन सणसणीत हाणल्या, थट्टेतल्या, पण सणसणीत. तो पेटी उलटवायला वाकला, तर चार तरण्या पोरांनी त्याला नवरदेवासारखा खांद्यावर उचलला आणि गात नाचत त्याच्या दुकानात नेऊन बसवला. तो पाय झाडत होता, रडत होता. रडण्याची नक्कल काय झकास करतो, असं लोक म्हणाले.

"घे गं बाळ," सितानने वास्साला दुसरी पिशवी दिली, गोरखचिंचेची, जास्त भरलेली. "म्हाताऱ्याला नातवंडं नाहीत ना, म्हणून जळतो."

पोरीने डोळे पुसले आणि कोपरा तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बातमी आली ती उलट्यांची. मग दुसऱ्या घरातून, मग तिसऱ्या. मग झुमानाच्या अंगणातून बायकांचा एकच हंबरडा उठला आणि तो कशाचा असतो हे मोहल्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही.

सितानने पेटी उघडली, गोरखचिंचेची एक पिशवी फोडली आणि जिभेला लावली. पुढे आंबटपणा, आणि मागून रक्ताचा गंजट वास. ती तिथेच ओकली. बुरामाची खाट रिकामी होती, त्याची पेटारीही नव्हती. मांस कुणाचं, रक्त कुठून आलं, तिला काही कळेना. पण पेटी वितळली होती आणि फामोरी खरं बोलत होता, एवढं तिला कळलं. पळून जावं असं मनात आलं, पण मग तिने विळा घेतला आणि एकेक पिशवी गटारात फोडायला सुरुवात केली. आणखी एका पोराच्या तोंडात जायला नको, एवढाच त्या वेळी तिचा विचार होता.

जमाव कोपऱ्यावरून वळला तेव्हा त्याला दिसलं ते इतकंच, की बाई पुरावा बुडवते आहे.

"सितान मावशी!" झुमाना पुढे होता. हातात विटांच्या मातीचं फावडं. आवाज माणसाचा राहिला नव्हता. "माझ्या पोरीला काय दिलंस?"

"मीच दिलं रे," ती म्हणाली. "माझ्याच हाताने दिलं."

फावड्याचा पहिला घाव तिने हातावर झेलला. हाड काडकन मोडलं. ती पडली, आणि मग सगळेच. कालपर्यंत तिच्या दारात हसणाऱ्या बाया तिचे केस धरून तिला मातीत फरफटवू लागल्या. कुणी कानातली बाळी ओढली, ती पाळी फाडूनच आली. पोरगे लाथा घालत होते, बरगड्यांवर, पोटावर, तोंडावर. तिचे पुढचे दोन दात तिच्याच घशाशी गेले. पेटी उलथी झाली, लोक तिच्यावर दगड घालू लागले. मग कुणीतरी ओरडलं, "तीनशे वीस!" आणि कुणीतरी टायर गडगडत आणलं. तीनशेचं पेट्रोल, वीसची काडेपेटी. चोराला जिवंत जाळायचा ठरलेला हिशेब आहे हा, आणि आमच्या गावात तो लहान पोरालाही पाठ आहे.

पेट्रोलचा पहिला शिपका तिच्या पाठीवर पडला तेव्हा तिच्या अंगावर एक माणूस येऊन आडवा झाला. म्हातारा, जड, मांसाचा वास येणारा.

"मागे व्हा!" फामोरी ओरडला. "ही माझी चवळीखाऊ आहे! हिला मारायचं तर केइताला विचारा!"

आणि हात थांबले. रिवाज हाडात मुरलेला असतो, डोक्यात आग असली तरी. टायरवाला टायर धरून तसाच उभा राहिला. सितानला वाटलं, वाचले. श्वास घेताना बरगड्या टोचत होत्या, तरी तिने श्वास घेतला.

"कालच तू म्हणालास," गर्दीतून एक बाई बोलली. "पोरं मरतील म्हणालास. तुला ठाऊक होतं!"

"थट्टा केली गं. नेहमीसारखी."

"थट्टा?" झुमाना वाकला. "माझ्या पोरीच्या हातातली पिशवी हिसकावलीस. पायाखाली तुडवलीस. मी बघत होतो. हसत होतो मी! ती थट्टा होती?"

फामोरीचं काळीज आपल्या पाठीवर धडधडतंय, हे सितानला जाणवत होतं. मग त्याने सगळं सांगितलं, काल गिळलेलं सगळं.

"मांस माझं होतं. बुरामाला पैसे देऊन मी पेटीत ठेवलं. ते सडलं, त्याचं पाणी पिशव्यांत गेलं. हिला काही ठाऊक नव्हतं. हिला सोडा."

"गुलामा, गप्प बस," सितान रक्त थुंकत पुटपुटली. तिला राग आला होता त्याचा, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्याला मिठी मारावी असं वाटत होतं. मग मान वळवून ती जीव खाऊन ओरडली, "त्याने सांगितलं होतं! सगळ्यांसमोर सांगितलं! मी हसले! पळीने मी मारलं, दुसरी पिशवी मी दिली! त्याचं ऐकलं असतं तर पोरगी जगली असती!"

"कुलिबाली केइताला वाचवणारच," मागून कुणीतरी म्हणालं. "सनांकूची साक्ष कोण धरतो?"

"खरं सांगतेय मी!"

"कालही तेच चाललं होतं तुमचं."

झुमानाने फावडं उचललं. फामोरीला उठून पळता आलं असतं. तो उठला नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. मग इतरांनी विटा घेतल्या. प्रत्येक घाव त्याच्या अंगातून सितानच्या अंगात उतरत होता, आणि प्रत्येक घावाबरोबर तो जड होत चालला होता. शेवटी त्याचं डोकं तिच्या गालावर कलंडलं. शिपायांच्या शिट्ट्या ऐकू आल्या आणि गर्दी गल्ल्यांत पांगली. झुमाना तेवढा पळाला नाही. फावडं बाजूला ठेवून तो उलथ्या पेटीवर बसला, आणि त्याला तिथूनच नेलं.

फामोरीला त्याच दिवशी उतरत्या दुपारी पुरायचं ठरलं. अंगणात चटईत गुंडाळलेलं प्रेत, भोवती आख्खा मोहल्ला. सकाळी ज्यांच्या हातांत विटा होत्या तेही हात धुऊन, स्वच्छ झगे घालून, मान खाली घालून बसले होते. सितान आली तेव्हा सगळ्यांनी वाट करून दिली. हाताला फळ्या बांधलेल्या, एक डोळा मिटलेला, तोंड सुजून भोपळा झालेलं. तिच्याशिवाय प्रेत उचलणं बरं दिसलं नसतं. सनांकूने यायचं, प्रेताला शिव्या द्यायच्या, कामचुकार गुलामा ऊठ, मरायचं ढोंग पुरे, असं म्हणायचं, आणि दुःखी घराला एकदा हसवायचं. मरणाचा भार त्याने हलका होतो, असं म्हणतात.

वडीलधाऱ्याने तिला मानेने खूण केली. बोल.

सितान चटईपाशी उभी राहिली. शब्द दात पडलेल्या तोंडातून फुसफुसत बाहेर आले.

"हा माणूस खरं बोलला होता," ती म्हणाली. "हा म्हणाला कुजलंय, आणि ते कुजलं होतं. हा म्हणाला पोरं मरतील, आणि वास्सा मेली. मी याला खोटा म्हटलं. तुम्ही सगळे हसलात, आणि आज तुम्ही त्याला मारलंत."

मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कुलिबाली म्हणते केइता खरं बोलला! शेजारच्याने तोंडावर हात घेतला, त्याचे खांदे हलू लागले. बायकांच्या बाजूने एक खिदळणं आलं, आणि बांध फुटावा तसं सगळं अंगण हसू लागलं, डोळ्यांत पाणी असलेली माणसंसुद्धा, रिवाजाप्रमाणे.

"अरे, खरं सांगतेय!" सितान किंचाळली.

तेव्हा तर फामोरीची बायकोही ओढणीत तोंड लपवून हसली.